तळमजल्याचा सूर

"आदेमाऽऽरो! सूप निवतंय रे, चल घराऽऽत!"

हाक चौकातून यायची. दगडी फरशीवरून घरंगळत, विहिरीला वळसा घालून, वाटेतली कबुतरं उडवून थेट आदेमारो गेत्झीच्या कानात शिरायची. हाक मारणारी त्याची आई नव्हे. आई सोनारांच्या कारखान्यात साखळीच्या कड्या जोडून दमूनभागून नुकती घरी आलेली असायची. हाक झेलिंदाची. झेलिंदा म्हणजे इटलीतल्या अरेत्सो गावातल्या त्या उंच, अरुंद, मनोऱ्यासारख्या घराची दारवाली. तळमजल्यावरच्या एका खोलीत राहायची, जिना झाडायची, आणि संध्याकाळी आया परतल्या की उंबऱ्यावर उभी राहून मजल्या-मजल्यांवरच्या पोरांना गोळा करायची.

पण नुसती हाक मारेल तर ती झेलिंदा कसली! लहानपणी तिनं मोठ्या चर्चच्या गानशाळेत केर काढला होता, आणि केराबरोबर सूरही उचलले होते. हजार वर्षांपूर्वी या गावात राहणाऱ्या एका साधूनं तळहातावर सूर मांडायची रीत घालून दिली, असं गावात शेंबडं पोरही सांगतं. अंगठ्याच्या टोकावर सगळ्यात खालचा उत, मधल्या पेरावर रे, अंगठ्याच्या मुळाशी मि, मग बोटांच्या मुळांवरून फा, सोल, ला. झेलिंदानं हातावरचे ते सूर जिन्यावर नेऊन ठेवले. मजल्याला एक घर, घराला एक सूर. नाव ऐकू यायच्या आधीच सूर कळायचा, आणि तेवढ्याच घरची पोरं हातातली गोटी टाकून पळत सुटायची. आदेमारो दुसऱ्या मजल्यावरचा. त्याचा सूर मि. दाढी करताना, पत्र्याच्या डब्यातली कॉफी काढताना, भूमी अभिलेख कचेरीत लोकांचे अर्ज परत पाठवताना तो आयुष्यभर तोच सूर गुणगुणत आला.

आता तो निवृत्त झाला होता. झेलिंदा केव्हाच देवाघरी गेली होती. पोरं पांगली, मजले रिकामे झाले, आणि चौथ्या-पाचव्या मजल्यांवर चार दिवसांचे प्रवासी येऊन ओले टॉवेल खिडकीवर वाळत घालू लागले. जुन्यांपैकी राहिले दोघंच. दुसऱ्या मजल्यावर हा, आणि तळमजल्यावर झेलिंदाची लेक योलांदा. ती रोज संध्याकाळी उंबऱ्याशी खुर्ची टाकून शेंगा सोलायची. हा वर्तमानपत्र घेऊन खाली उतरायचा आणि तिच्या शेजारच्या दगडावर बसायचा. वर्तमानपत्र वरही वाचता आलं असतं, उजेडही तिथं जास्त होता, पण हा विचार त्यानं कधी केला नव्हता.

अशाच एका संध्याकाळी योलांदा शेंगेतून मान वर न काढता म्हणाली, "मारो, खोली विकतेय मी."

"कुठली खोली?"

"माझ्याकडं काय राजवाडा आहे? हीच. मिलानची कंपनी आहे, प्रवाशांच्या बॅगा ठेवायला घेतेय. संत योहानाचा सण झाला की नोटरीकडं सह्या. मी ग्रोसेत्तोला जाईन, मावसबहिणीकडं. समुद्र आहे तिथं."

आदेमारोच्या जिभेवर एक वाक्य आलं, दातांपर्यंत पोहोचलं. पण ज्या माणसानं उभी हयात सरकारी भाषेत काढली, त्याच्या तोंडून ऐन वेळी काय निघणार?

"इथं दमट आहे," तो म्हणाला. "बॅगांना बुरशी लागेल."

योलांदानं त्याच्याकडं पाहिलं, आणि एक शेंग जरा जोरातच फोडली.

जिना चढता चढता त्याला कल्पना सुचली. दारावरच्या घंट्या तशाही मोडकळीला आल्या होत्या. कुणाचीही दाबा, सगळ्या मजल्यांवर एकच खरखर, आणि सगळ्या खिडक्यांतून एकदम डोकी बाहेर. त्याऐवजी मजल्यागणिक सूर लागेल अशा घंट्या बसवल्या तर? झेलिंदाचा जिना पुन्हा गाऊ लागेल. आणि ज्या खोलीला स्वतःचा सूर आहे, ती आपल्या आईची खोली कुणी लेक बॅगांना देईल का? आपण काही बोलायची वेळच येणार नाही, घंटीच बोलेल. त्याला स्वतःच्या हुशारीचं कौतुक वाटलं. जिन्यात थांबून त्यानं मि लावूनही पाहिला.

इमारतीची सभा जिन्यातच भरायची, कारण कुणीच कुणाला घरात घ्यायला राजी नसे. जो तो आपापल्या उंचीप्रमाणे पायऱ्या धरून बसला. सगळ्यात खाली उशी घेऊन पहिल्या मजल्याची फेदोराबाई आणि तिचा कुत्रा. या घरात सून म्हणून आली तेव्हापासून सल्ला देणं हाच तिचा धर्म. मधे आदेमारो. वर तिसऱ्या मजल्याचे तांगानेल्ली वकील, पायावर पाय टाकून. त्यांच्याही वर पोटमाळ्यावरची मिस हॅलम, या गावात इंग्रजी शिकवता शिकवता म्हातारी झालेली इंग्रज बाई. चौथ्या-पाचव्या मजल्यांचा मालक दूर मिलानमध्ये. तो फोनवरून प्रत्येक ठरावाला विषय न ऐकताच 'हो' म्हणायचा. आणि योलांदा स्वतःच्या दारात उभी, हाताची घडी घालून.

आदेमारोनं घसा साफ केला. "हा सांस्कृतिक वारशाचा प्रश्न आहे."

"म्हणजे वर्गणी," फेदोराबाई कुत्र्याला म्हणाली.

त्यानं सगळं समजावलं. तळमजला उत, पहिला रे, दुसरा मि, तिसरा फा...

"थांबा," वकील म्हणाले. "मी 'फा'? आणि चौथ्या मजल्यावरचे ते चड्डीतले प्रवासी 'सोल'? माझ्यापेक्षा वर?"

"अहो वकीलसाहेब, ते राहतातच वर!"

"राहू देत. कायद्यात वर राहणं आणि वरचढ असणं या भिन्न गोष्टी आहेत."

"मला मात्र रे नको," फेदोराबाई म्हणाली. "माझ्या सासूचा आवाज अगदी तसाच होता. दार वाजलं की ती आल्यासारखी वाटेल. गेत्झीसाहेब, माझं ऐका, त्यापेक्षा दारावर तुळस लावा. डास येत नाहीत."

हिशेब आणखी एका ठिकाणी अडला. घरं सात, साधूचे सूर सहा. पोटमाळ्याला सूरच उरला नाही.

"त्यांना 'सि' द्या," वकील म्हणाले.

"सि साधूचा नाही!" आदेमारोचा आवाज चढला. "तो मागाहून जोडलेला आहे. पोटमाळ्यासारखाच. आमच्या लहानपणी पोटमाळा नव्हताच. कुणीतरी नंतर, परवानगीशिवाय चढवला असणार. नकाशे वाचण्यात हयात गेलीय माझी."

मिस हॅलमनं या अपमानाकडं मोठ्या मनानं दुर्लक्ष केलं. "मला टकटक चालेल," ती म्हणाली. "पण मिस्टर गेत्झी, एक गंमत सांगू? तुमच्या या अंगठ्याच्या टोकावरच्या सुराला जुने लोक नुसता उत म्हणत नसत. त्याच्या आधी ग्रीकांचं अक्षर लावायचे, गामा. गामा-उत. तो शब्द आमच्याकडं आला आणि झिजून 'गॅमट' झाला."

"त्याचा अर्थ काय? खालचा सूर?"

"आधी तोच. मग खालपासून वरपर्यंतचे सगळेच सूर. आणि आता तर कशाचाही अख्खा पल्ला. एखादी नटी हसण्यापासून रडण्यापर्यंत सगळं करून दाखवते ना, तो गॅमट. सूपपासून गोडापर्यंतचं जेवण, तोही गॅमट."

"पाहिलंत इंग्रजांचं!" फेदोराबाई म्हणाली. "आमची खालची एक पायरी नेली आणि म्हणाले, अख्खा जिनाच आपला!"

सगळे हसले. आदेमारोला मात्र मुद्दा सापडला होता. तो योलांदाकडं वळून, तिच्याकडं न पाहता म्हणाला, "म्हणजे लक्षात घ्या, तळमजला गेला की अख्ख्या जिन्याचं नावच गेलं."

"करा काय करायचं ते," योलांदा म्हणाली, आणि आत जाऊन तिनं दार लावून घेतलं. बहुमतानं ठराव मंजूर झाला. तिचा हात वर गेला नव्हता, हे आदेमारोच्या लक्षात आलं. पण बायका भावुक झाल्या की आत जातात, असा त्यानं सोयीस्कर अर्थ लावला.

घर जुनं, म्हणजे दारावर खिळा ठोकायलाही जुन्या वास्तूंच्या खात्याची परवानगी हवी. आदेमारो छाती पुढं काढून गेला. आपणही सरकारी खात्यातलेच, आपल्याला कोण अडवणार? खिडकीपलीकडं एक तरुण बाई बसली होती. तिनं अर्ज वाचला, उलटा करून वाचला, आणि म्हणाली, "यात आवाजाचा रंग लिहिलेला नाही."

"आवाजाला रंग कुठून आणू?"

"दर्शनी भागावर जे काही येतं, त्याचा रंग लिहावा लागतो. नियम आहे."

"बाई, आवाज दर्शनी भागावर येत नाही, ऐकू येतो."

"मग पुरावा जोडा."

"कशाचा?"

"की तो दिसत नाही याचा. शिवाय मध्ययुगात या दारावर विजेची घंटी होती, असाही काही पुरावा असेल तर बरं पडेल."

विजेचा शोध हा विषय आदेमारोनं अदबीनं काढून पाहिला. बाईनं तितक्याच अदबीनं खिडकीवर 'जेवणाची सुट्टी' अशी पाटी ठेवली. त्या पाटीकडं तो बराच वेळ पाहत राहिला. असली पाटी त्यानं स्वतः किती जणांच्या नाकासमोर ठेवली असेल! बाकावर बसलेला एक शेतकरी त्याला निरखून म्हणाला, "साहेब, तुम्ही भूमी अभिलेखातले गेत्झी ना? माझ्या विहिरीचा अर्ज तुम्हीच परत पाठवला होता. या, बसा. इथं वारा छान येतो." आणि त्यानं सरकून जागा दिली. एवढा गोड सूड आदेमारोवर आजवर कुणी उगवला नव्हता.

शेवटी रंगाच्या रकान्यात त्यानं 'फिकट' असं लिहिलं. परवानगी मिळाली.

घंट्या बसवायला लोरिस आला. लोरिस हा गावातला सगळ्यात स्वस्त वायरमन, आणि तसा तो का, हे पहिल्याच दिवशी कळलं. "काळजी सोडा हो, गेत्झीसाहेब! माझा कान तयार आहे, आमच्या घरात तीन पिढ्या ॲकॉर्डियन आहे," असं म्हणत त्यानं भिंतीत तारा सोडल्या आणि संध्याकाळी बटण दाबलं. फेदोराबाईच्या घरातला दिवा गेला, वकिलांच्या टीव्हीवर जर्मन भाषा सुरू झाली, आणि सोल जो लागला तो लागूनच राहिला. चौथ्या मजल्यावरचे प्रवासी तो आगीचा इशारा समजून टॉवेल गुंडाळून चौकात उतरले. शेजारच्या चर्चमध्ये पाद्रीबाबांचं प्रवचन चालू होतं. ते त्याच सुरात संपलं म्हणतात.

मग रे दुरुस्त झाला, तर फेदोराबाईचा कुत्रा त्या सुरावर रडायला लागला. तो रडला की फेदोराबाईला सासू आठवायची, आणि सासू आठवली की ती खिडकीतून आदेमारोचा उद्धार करायची. पोस्टमन सगळी बटणं एकदम दाबून पळून जायचा. पोटमाळ्यावरची टकटक कुणाला ऐकू जाईना, म्हणून मिस हॅलमचे विद्यार्थी खालून तिच्या नावानं ओरडायचे, तेही इंग्रजी व्याकरण सांभाळून. आणि प्रवाशांना तर खेळणंच मिळालं. येता जाता दारावर उभं राहून ते वाढदिवसाची गाणी वाजवायचे. एक सूर कमी पडायचा, म्हणून तेवढा तोंडानं म्हणायचे.

"गेत्झीसाहेब," वकील जिन्यात गाठून म्हणाले, "आज दुपारी माझ्या फा-वर एक अख्खं लग्न वाजवून गेलं कुणीतरी. मी दावा लावू शकतो."

"लावा! पण सणापर्यंत थांबा."

"सणाला काय होणार आहे?"

सणाला काय व्हायला हवं, ते आदेमारोला पक्कं ठाऊक होतं. संध्याकाळी खाली उतरावं तर खुर्ची रिकामी. योलांदा आत खोक्यांत भांडी भरत असायची. दारातून खोकी दिसायची, तो तिथंच वर्तमानपत्र उघडायचा आणि एक ओळही न वाचता मिटायचा. एकदा त्यानं विचारलं, "घंटी आवडली का?" ती म्हणाली, "सरक, उजेड अडवतोयस."

संत योहानाचा सण उजाडला. चौकात टेबलं मांडली गेली. फेदोराबाईनं शिळ्या पावाच्या, टोमॅटो-कांद्याच्या कोशिंबिरीची मोठी परात आणली, कुणी कलेजीची चटणी लावलेले पाव, कुणी द्राक्षाची गोड दारू. पाद्रीबाबांनी घंट्यांवर पाणी शिंपडलं, त्यातल्या अर्ध्या लोरिसनं ओरडून वाचवल्या. आदेमारोनं लग्नकार्यातला सूट घातला होता. त्यानं छोटंसं भाषण केलं. साधू आला, झेलिंदा आली, सांस्कृतिक वारसा तर तीनदा आला. योलांदा गर्दीच्या कडेला उभी होती, एप्रन न काढताच.

"आणि आता," आदेमारो म्हणाला, "खालपासून वरपर्यंत."

त्यानं तळमजल्याचं बटण दाबलं.

काही वाजलं नाही.

त्यानं पुन्हा दाबलं. अंगठ्यानं दाबलं. दोन्ही अंगठ्यांनी दाबलं. लोरिस छातीवर हात ठेवून म्हणाला, "सकाळी वाजत होती, आईशप्पथ!" घाबरून आदेमारोनं पुढची बटणं दाबली, आणि रे-पासून सुरू झालेली ती सुरावट पहिलाच दात पडलेल्या तोंडासारखी चौकात उमटली. कुत्रा रडला. कुणीतरी फिस्सकन हसलं, मग सगळेच हसले, मग टाळ्या वाजवून सगळे जेवायला वळले. चुकलेल्या सोहळ्यानंतर भूक जास्तच लागते. आदेमारो मात्र बटणापाशी उभाच राहिला. वळून पाहिलं तेव्हा योलांदा आपल्या जागी नव्हती.

तिचं दार नुसतं लोटलेलं होतं. आत खोक्यांच्या रांगा. ती वर्तमानपत्रात ताटल्या गुंडाळत होती. भिंतीवर घंटीची तार कापलेली, टोकं दोन मिशांसारखी बाहेर आलेली.

"तू कापलीस?"

"मी. कात्री ती तिथं आहे, लोरिसला दे. त्याच्याकडं नसेल."

"पण का? सगळ्या गावासमोर माझं... उत तुझा होता, योलांदा! झेलिंदाचा पहिला सूर!"

"माझा नव्हता." तिनं ताटली खाली ठेवली. "उत पहिल्या मजल्याचा. फेदोराच्या नणंदांचा. दुसऱ्या मजल्याचा रे. तू रे होतास, मारो."

"मी मि होतो."

"रे. मि तिसऱ्या मजल्याची जुळी होती. आणि पोटमाळ्यावर शिंप्याची पोरं होती, त्यांचा ला. तुझ्या गोट्या कोण पळवायचं, विसरलास? म्हणे पोटमाळाच नव्हता!"

आदेमारो एका खोक्यावर टेकला. खोक्यात काहीतरी काचेचं असावं, ते कुरकुरलं. त्याला शिंप्याची पोरं आठवली, गोट्याही आठवल्या. इतकी वर्षं आरशासमोर आपण शेजाऱ्याचा सूर लावत आलो, हे पचवायला त्याला थोडा वेळ लागला.

"मग तळमजला?" त्यानं विचारलं. "तळमजल्याचा कुठला?"

"अंगठ्याच्या टोकाखाली काय असतं?"

त्यानं भाबडेपणानं आपला अंगठा वर धरून पाहिला. टोकाखाली काही नव्हतं. मोकळी हवा होती.

"मला कशाला हाक मारेल ती?" योलांदा म्हणाली. "मी इथंच असायचे, तिच्या पाठीमागं, पातेलं ढवळत. तुम्ही सगळे बाहेर धावत असायचात. एकेक हाक जायची, एकेक घर आत यायचं. मला दरवेळी वाटायचं, आता शेवटची माझी असेल. मग आई दार लावायची. एकदा मुद्दाम चौकात जाऊन विहिरीमागं लपले. म्हटलं, आता तरी हाक मारेल, माझ्यासाठी कुठला सूर काढते ते बघू. सगळी पोरं गेली, दिवे लागले. आई आली, कान धरला आणि ओढत घरात नेलं. तोंडातून शब्द नाही. दिवसभर ओरडून घसा बसला होता बिचारीचा."

बाहेर चौकात कुणीतरी ग्लास उंचावून गाऊ लागलं होतं. योलांदानं दार लोटून घेतलं.

"तुम्हा सगळ्यांच्या आठवणीत तिचा आवाज आहे, मारो. माझ्या आठवणीत तिची पाठ आहे. त्या आवाजाची तू घंटी करून माझ्या भिंतीत ठोकलीस, आणि मी खूश होईन म्हणालास."

"मला वाटलं..."

"काय वाटलं? सांस्कृतिक वारसा?" ती हसली, पण ते हसू लगेच विझलं. "मिलानच्या त्या कंपनीचा माणूस आला होता ना, चकचकीत बुटांचा. इथं उभा राहून म्हणाला, 'बाई, ही जागा आम्हाला हवी आहे.' मला नव्हे, जागेला म्हणाला, कळतं मला. पण 'हवी आहे' असं या दारात उभं राहून कुणी म्हणालेलं मी पहिल्यांदा ऐकलं. उद्या सकाळी सही आहे. ऊठ त्या खोक्यावरून, ग्लास आहेत त्यात."

आदेमारो उठला. सूटच्या बाह्या खाली ओढल्या, टाय सरळ केला, घसा साफ केला. सवयीनं 'सदर' हा शब्द ओठांवर आला, तो त्यानं गिळला. दुसरा आला, तोही गिळला. आता सांगण्यासारखं एकच वाक्य उरलं होतं, आणि ते काही कुठल्या अर्जातलं नव्हतं.

"योलांदा," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज इतका घोगरा निघाला की त्याचा त्यालाच ओळखू येईना. "घंट्यांचं मला काही पडलेलं नाही. वारशाचंही नाही. मी रोज खाली येतो तो तुझ्याशेजारी बसायला. तू मला हवी आहेस. जाऊ नकोस."